पंखा फिरतो, तरी गाडी तापते



मागच्या अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणते आणि किती घालावे, ते लिहिले होते. या महिन्यात कारकडे वळू. उन्हाळ्यात आमच्या नागपूर-भंडारा पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, मेअखेरीस नवतपा येतो, आणि महामार्गाच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या रोज दिसू लागतात. माझे दुकान शहापूरला महामार्गालगतच आहे, त्यामुळे त्यातल्या काही ओढत-ढकलत माझ्याकडे येतात. मालकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "इंजिन गेले वाटते." बरेचदा इंजिनाला काहीही झालेले नसते. रेडिएटरमागचा विजेचा पंखा आपले काम करत नसतो, एवढेच.

हा विषय मी या वर्षी घडलेल्या एका चुकीपासून सांगणार आहे. चूक माझीच होती.

आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. चाचींना दर पंधरा दिवसांनी नागपूरला मेडिकलमध्ये न्यावे लागते. एसटीत त्यांना आता बसवत नाही, म्हणून मुलाने पैसे जमवून एक जुनी, छोटी पेट्रोल कार घेऊन दिली. शहापूरहून नागपूर पन्नासेक किलोमीटर. हिवाळाभर गाडीने काही त्रास दिला नाही. एप्रिलमध्ये मात्र टोलनाक्याच्या रांगेत उभे असताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. रांग सुटली, गाडी पळू लागली, काटा खाली आला. पुढे पारडीपासून शहरातली गर्दी लागली आणि काटा पुन्हा वर गेला. तिसऱ्या फेरीला तर बोनेटमधून वाफ आली. ऐन दुपारी, सावलीला झाड नाही, अशा जागी चाचींना दीड तास बसावे लागले आणि त्यांना चक्कर आली.

गाडी ओढून जवळच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवे भरले. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. मग सांगण्यात आले, "हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन उघडावे लागेल, पस्तीस हजार धरून चला."

मगरिबनंतर चाचा माझ्याकडे आले. म्हणाले, "चाचीच्या बांगड्या मोडतो म्हणतो. आणखी काय आहे आपल्याकडे? तू एकदा पाहून सांग, इंजिन खोलावेच लागेल का."

पंखा नेमके काय करतो

आधी थोडे यंत्राबद्दल. इंजिनाभोवती कूलंट फिरत असते. ते गरम होऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तिथे हवेला उष्णता देते आणि परत जाते. थर्मोस्टॅट हे मधले दार. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ते उघडते. दार उघडले तरी उष्णता नेणार कोण? हवा. गाडी साठच्या वेगाने पळत असेल तर समोरून येणारी हवाच पुरते. गाडी उभी असेल, रांगेत सरकत असेल, तेव्हा हवा खेचून आणण्याचे काम पंख्याचे. बहुतेक छोट्या गाड्यांत कूलंट ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान पोहोचले की पंखा सुरू होतो आणि पाच-सात अंश खाली आले की थांबतो. एसी लावला की त्याच्या कंडेन्सरलाही हवा लागते, म्हणून तेव्हाही पंखा फिरतो.

आपल्या वडिलांच्या काळातल्या अॅम्बॅसेडरला हा विजेचा पंखा नव्हता. इंजिनावरून पट्टा यायचा आणि पंखा इंजिनाबरोबर सतत फिरायचा. पट्टा तुटला तरच तो थांबे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. इंजिन आडवे असले की त्याचा फिरता दांडा गाडीच्या बाजूकडे तोंड करतो आणि रेडिएटर राहतो समोर. पट्ट्याने पंखा फिरवणे अवघड. म्हणून विजेची मोटर आली. पेट्रोल वाचले, आवाज कमी झाला. पण फ्यूज, रिले, सेन्सर, कनेक्टर, वायर असे पाच-सहा नवे दुवे मध्ये आले. यातला एक जरी सुटला तरी पंखा बंद.

आधी प्रश्न, मग पाना

मी चाचांना आधी बसवले आणि प्रश्न विचारले. वाचकांनीही मेकॅनिककडे जाण्यापूर्वी हे प्रश्न स्वतःला विचारावेत. अर्धे निदान इथेच होते.

पहिला प्रश्न: गाडी उभी असताना तापते की पळताना? उभी असताना, रांगेत तापते आणि पळताना काटा खाली येतो, याचा अर्थ हवा कमी पडते आहे. पंख्याकडे पाहा. उलट, हळू चालताना ठीक आणि महामार्गावर वेग घेतला की तापते, तर कूलंट कमी असणे, रेडिएटर आतून चोंदणे, थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप यांच्यावर संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न: एसी कसा वागतो? पळताना गार आणि सिग्नलवर कोमट हवा येत असेल, तर तीही पंख्याचीच तक्रार आहे.

तिसरा प्रश्न: हेड गॅस्केटची खूण आहे का? बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत जाणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा दाट धूर, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ थर, थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत न थांबणारे बुडबुडे, अशा त्या खुणा. एखादीच खूण दिसली म्हणून निकाल देऊ नये, आणि एकही नसेल तर इंजिन उघडण्याची घाई मुळीच करू नये.

चाचांच्या गाडीत यातली एकही खूण नव्हती. वाफेने गेले तेवढेच कूलंट कमी झाले होते. महामार्गावर काटा खाली येत होता. एसी सिग्नलवर कोमट पडत होता. सगळी बोटे पंख्याकडे होती. पण चाचा म्हणाले, "पंखा तर फिरतो. वर्कशॉपवाल्यांनीही पाहिला, मीही पाहिला."

मी गाडी सुरू केली, एसी लावला. पंखा खरोखरच फिरत होता. आवाजही चांगला. क्षणभर मलाही वाटले, गॅस्केटच असेल.

एक कागद

मग मी वहीचे एक पान फाडले आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर, रेडिएटरच्या समोर धरले. बहुतेक छोट्या गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो हवा बाहेरून आत खेचतो. म्हणून कागद जाळीला चिकटायला हवा. इथे तो चिकटला नाही. उलट फडफडत माझ्या हातावर आला. पंखा इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत होता. मोटर उलटी फिरत होती.

या मोटारी साध्या बॅटरीच्या विजेवर चालतात. अधिक आणि उणे वायरींची अदलाबदल झाली की मोटर बंद पडत नाही, जळत नाही, फक्त उलट दिशेने फिरते. पात्यांचा बाक एका दिशेसाठी केलेला असतो, त्यामुळे उलटी फिरताना हवाही कमी फेकते. महामार्गावर समोरचा वारा तिच्यावर मात करतो, म्हणून तिथे गाडी ठीक. थंडीत तेवढ्यावर निभावते. ऊन वाढले आणि गाडी रांगेत उभी राहिली की सगळे उघडे पडते.

वायरी उलट्या कोणी जोडल्या, हे पाहायला मी दिवा धरून खाली वाकलो. मोटरच्या कनेक्टरवर लावलेल्या नळ्या, वर गुंडाळलेली कापडी टेप, गाठ मारण्याची पद्धत. माझेच काम होते. डिसेंबरात चाचांनी गाडी घेतली तेव्हा कनेक्टर वितळलेला होता, तो मी कापून नवा बसवला होता. जुन्या वायरी तेलाने काळ्या पडल्या होत्या, रंग दिसत नव्हते. मी जोडल्या, एसी लावला, पंखा फिरला, गाडी दिली. कागद धरून पाहिला नाही. अर्ध्या मिनिटाचे काम होते.

मी चाचांना त्याच जागी सांगितले, "चाचा, इंजिन ठीक आहे. चूक माझी आहे." चाचा काही बोलले नाहीत. मी बॅटरीची वायर काढली, कनेक्टरच्या दोन पिना आलटून-पालटून बसवल्या. दहा मिनिटे लागली. पुन्हा कागद धरला, तो जाळीला घट्ट चिकटला. मग गाडी उन्हात उभी करून अर्धा तास एसीसह चालू ठेवली. काटा मध्यावरच राहिला.

पंखा फिरतच नसेल तर

चाचांची गाडी वेगळी होती. दहात नऊ वेळा पंखा फिरतच नाही म्हणून गाडी येते. तेव्हा क्रम असा ठेवावा. स्वतः हात घालायचा नसला तरी मेकॅनिकने हा क्रम पाळला का, एवढे विचारता आले तरी पैसे वाचतात.

१. इंजिन बंद, किल्ली काढलेली, इंजिन थंड, बॅटरीची वायर सोडलेली. मग पाते हाताने फिरवून पाहा. सहज फिरायला हवे. अडकत असेल तर बेअरिंग गेले आहे किंवा काही अडकले आहे. आमच्याकडे धानाच्या हंगामात तणसाच्या काड्या आणि भुसा जाळीतून आत जातो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही मी दर पावसाळ्यात पाहतो.

२. बॅटरीची वायर परत जोडा आणि इंजिनाजवळच्या डबीतला पंख्याचा फ्यूज पाहा. बहुतेक गाड्यांत तो ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. मोठा फ्यूज किंवा तार कधीही लावू नका, वायर पेटते. नवा फ्यूजही उडाला तर मोटर किंवा वायर शॉर्ट आहे, तिथे थांबा.

३. रिले. ही एक छोटी चौकोनी डबी. शेजारी अगदी तोच क्रमांक छापलेली दुसरी रिले असेल, उदाहरणार्थ हॉर्नची, तर अदलाबदल करून पाहा. पंखा फिरला तर रिले बदला. खर्च काहीशे रुपयांचा असतो.

४. कनेक्टर. हा सर्वांत दुर्लक्षित भाग. घरातला छताचा जुना पंखा ७५ वॅटचा असला तरी २३० व्होल्टवर तो एक तृतीयांश अँपिअरच घेतो. गाडीचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला १० ते १५ अँपिअर लागतात. एवढ्या प्रवाहात एखादी पिन सैल झाली, गंजली, तिथे एक दशांश ओहमचा जरी अडथळा आला तरी त्या टिचभर प्लास्टिकमध्ये जवळजवळ पंधरा वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक तपकिरी पडते, मग वितळते, पंखा आधी मंदावतो आणि शेवटी थांबतो.

५. मोटर. कनेक्टर काढून मोटरला फ्यूज लावलेल्या जाड वायरीने थेट बॅटरीची वीज द्यावी. हे काम जाणकारानेच करावे. फिरली तर मोटर चांगली आहे, दोष मागच्या वायरिंगमध्ये. फिरली नाही तर मोटर गेली. कधी मोटरवर हलकेच ठोकले की ती सुरू होते, म्हणजे आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. ती आज चालेल, उद्या ऐन रांगेत बंद पडेल.

६. सेन्सर. वरील सगळे ठीक असेल आणि एसी लावल्यावर पंखा फिरतो, पण नुसत्या तापण्यावर फिरत नाही, तर तापमानाच्या सेन्सरवर संशय घ्यावा. नव्या बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना सेन्सरचा कनेक्टर काढला की संगणक घाबरून पंखा आपोआप सुरू करतो. तसे झाले तर रिले, मोटर आणि वायरी शाबूत आहेत, दोष सेन्सरचा किंवा कूलंटच्या पातळीचा. कूलंट कमी झाले की सेन्सरभोवती नुसती वाफ किंवा हवा राहते आणि त्याला खरे तापमान कळत नाही. म्हणून सेन्सर बदलण्याआधी पातळी पाहा.

७. पंखा दोन वेगांचा असेल आणि फक्त जोरातच फिरत असेल, हळू कधीच नाही, तर हळू वेगाचा रेझिस्टर जळलेला असतो. त्यासाठी पूर्ण पंखा बदलायला लावणारे भेटतात. आधी विचारा, रेझिस्टर वेगळा मिळतो का.

आणि हो, दुरुस्ती कोणतीही असो, शेवटी कागद धरून पाहा.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा वर जाऊ लागताच एसी बंद करा. लगेच थांबण्यासारखी जागा नसेल तर हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावा, काचा उघडा. ऐन उन्हात ते नकोसे वाटते, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची काही उष्णता तो बाहेर काढतो. सुरक्षित जागा दिसताच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा लाल रेघेला टेकल्यावर "एवढे दोन किलोमीटर जाऊ" असे करू नका. ज्या हेड गॅस्केटची भीती घालतात, ते अशाच दोन किलोमीटरमध्ये खरोखर जाते.

गाडीत आजारी माणूस, म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील तर त्यांना आधी उतरवून सावलीत बसवा, पाणी द्या. गाडीकडे नंतर पाहता येते.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाब असतो, त्या दाबामुळे कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते एकदम उसळून चेहऱ्यावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. मग जाड कापड टाकून, चेहरा बाजूला ठेवून, थोडे-थोडे फिरवा. गरम इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका.

भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. बोनेट उघडून वाकताना ओढणी, बुरख्याची सैल बाही आधी आवरून घ्या. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

उन्हाळ्यापूर्वीची पाच मिनिटे

दरवर्षी होळीच्या सुमारास एवढे करा. थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहा. ते साध्या नळाच्या पाण्याने नव्हे, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांच्या मिश्रणाने भरा. रेडिएटरसमोरची जाळी धुऊन घ्या. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हळू धारेने मारा, जोराच्या धारेने पातळ पाकळ्या वाकतात. गाडी सुरू करून एसी लावा, पंखा ऐका, कागद धरा. मग एसी बंद करून गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि पंखा आपणहून सुरू होतो का, थांबतो का, पाहा. यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

आता चाचांचे. थर्मोस्टॅट, कूलंट आणि गाडी ओढण्याचा जो खर्च झाला होता, तो मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. दुकानात येणारी गाडी ही अमानत असते, ती नीट परत केली असे डिसेंबरात मी म्हणालो होतो आणि ते खरे नव्हते. चाचा पैसे घेईनात. शेवटी चाची आतून म्हणाल्या, "घ्या हो. त्याला रात्री झोप लागू द्या." तेव्हा घेतले.

मग त्यांनी विचारले, "तू तेव्हा सांगितले नसतेस तर आम्हाला कधी कळले असते का?" मी म्हणालो, नसते कळले. वायरी बदलून "झाले" म्हटले असते तरी गाडी चालली असती. खरे सांगायचे तर दिवा धरून वाकलो होतो, तेव्हा तो विचार मनात येऊन गेला. लिहायलाही बरे वाटत नाही, पण आला होता.

त्या पंधरवड्यात चाची नागपूरला जाऊन आल्या. टोलनाक्यावर रांग होतीच. परतताना चाचांनी दुकानासमोर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवले आणि खिशातून घडी केलेला एक कागद काढून मला दाखवला. आता तो कायम गाडीतच असतो.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, कूलर आणि त्यातला विजेचा धक्का या विषयावर.